एक नंबर, चार माणसं

आजचा एपिसोड चाकूरहून. नोकरी पुण्यात, पण सध्या घरी आलोय, त्यामुळं मागं कुकरची शिट्टी ऐकू आली तर सांभाळून घ्या. चाकूर माहीत नसेल तर सांगतो: लातूर जिल्हा, लातूर-नांदेड रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. बीएसएफचं ट्रेनिंग सेंटर आहे आमच्याकडं, त्यामुळं जवानांना गाव माहीत असतं, पुणेकरांना नसतं.

कोरोनाचा विषय निघाला की थाळ्या, डालगोना कॉफी आणि वर्क फ्रॉम होमचे किस्से निघतात. ते पुष्कळ झाले. मला आज एका आकड्याबद्दल बोलायचंय. तो आकडा म्हणजे ४.

लसीसाठी कोविन पोर्टल होतं, आठवतंय ना? त्यावर एका मोबाइल नंबरवर जास्तीत जास्त ४ माणसांची नोंदणी करता यायची. जानेवारी २०२२ मध्ये ही मर्यादा ६ केली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, चांगलंय की, चौकोनी कुटुंब बसतंय. मग गल्लीतली माणसं यायला लागली आणि कळलं की इथं एका नंबरवर दोन-दोन घरं चालतात. म्हणजे महामारीत आमचं गाव 'डिजिटल' झालं असं जे म्हणतात ना, ते अर्धंच खरं. गाव दुसऱ्याच्या फोनवर चाललं. कुणाचा तरी पोरगा, कुणाचा तरी भाचा, त्याच्या हातात फोन, आणि त्या फोनवर सगळ्यांचं रेशन, शाळा, लस.

सुरुवात लसीच्या कितीतरी आधी झाली. मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला. महिलांच्या जनधन खात्यात तीन महिने ५००-५०० रुपये येणार असं जाहीर झालं. बँकेत गर्दी नको म्हणून खाते नंबरच्या शेवटच्या आकड्यावरून तारीख ठरवली. शेवटी ० किंवा १ असेल तर ३ एप्रिल, २ किंवा ३ असेल तर ४ एप्रिल, असं करत ८ आणि ९ वाल्यांची पाळी ९ एप्रिलला. कागदावर एकदम बरोबर. मी कोड लिहिणारा माणूस, मला तर आवडलंच. पण शेजारच्या काकू पासबुक घेऊन आल्या आणि म्हणल्या, "बाळा, माझा शेवटचा आकडा कोणता हाय बग की." त्यांना आकडे येतात, पण त्या लांबलचक नंबरात शेवट कुठं झाला तेच कळेना, कारण त्याच्या खाली लगेच दुसरा कुठला तरी नंबर छापलेला.

पुढची गंमत अशी की पैसे आल्याचा मेसेज काकूंच्या फोनवर येतच नव्हता. खातं काढलं तेव्हा त्यांच्याकडं फोन नव्हता, नंबर लावला होता भाच्याचा. मिस्ड कॉल देऊन बॅलन्स कळतो म्हणतात, तो पण नोंदवलेल्या नंबरवरूनच द्यावा लागतो. आणि त्याच आठवड्यात अफवा उठली की पैसे लगेच काढले नाहीत तर सरकार परत घेणार. तसं काही नव्हतं, सरकारनं खुलासाही केला. पण अफवा फोनवर दोन मिनिटांत पोचली आणि खुलासा पोचेपर्यंत बायका उन्हात रांगेत उभ्या होत्या. खडूनं आखलेल्या गोलात चपला ठेवून लिंबाखाली बसल्या होत्या. ५०० रुपयांत काय येतंय? तेल, साखर, चहापत्ती, साबण. पण हातावर पोट असलेल्याची मजुरी बंद झाल्यावर तेवढंच मोठं वाटतं. रेशनवर माणशी ५ किलो तांदूळ फुकट मिळाला, त्याचा खरंच आधार झाला. मात्र ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली आमची म्हातारी माणसं दोन्ही वेळेला भात खाऊन वैतागली, हेही सांगायला पाहिजे.

याच काळात पुण्या-मुंबईहून पोरं परत यायला लागली. चाकण, रांजणगावच्या कंपन्यांतली. काही गावांनी रस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या. पुण्याहून आलेला माणूस म्हणजे जणू रोगच चालत आला. १४ दिवस कुणी झेडपीच्या शाळेत, कुणी रानातल्या आखाड्यावर. पण एक सांगू? ज्यांना गावात घ्यायला लोक घाबरत होते, त्यांच्याकडंच चांगले फोन होते. पंधरा दिवसांनी तेच गावचे ऑपरेटर झाले.

आता शाळा. इथं जरा थांबतो, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथं झालं आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं गेलं. असरचा २०२० चा सर्व्हे आहे. ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या लेकरांच्या घरी स्मार्टफोन असण्याचं प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं, ते दोन वर्षांत ६१.८ टक्के झालं. आकडा वाचून छान वाटतं. पण 'घरात फोन आहे' आणि 'लेकराच्या हातात फोन आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या गल्लीतल्या एका घराचं सांगतो. फोन एक, लेकरं तीन. फोन सकाळी वडिलांबरोबर रानात जायचा. मास्तर अकरा वाजता ग्रुपवर गृहपाठाची पीडीएफ टाकायचे, ती उघडायची रात्री आठला. पहिला नंबर दहावीच्या पोराचा, मग धाकट्याचा, कारण तो रडायचा. सातवीतल्या पोरीची पाळी येईपर्यंत चार्जिंग नाहीतर डेटा, दोन्हीपैकी एक संपलेलं असायचं. ती वही घेऊन आमच्या ओसरीवर यायची आणि माझ्या फोनवरून प्रश्न उतरवून घ्यायची. एकदा मी म्हणलं, व्हिडिओ बघ की. म्हणली, "नको दादा, तुमचा डेटा संपंल, तुमची मीटिंग हाय."

उपाय झाले नाहीत असं नाही. सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून 'टिलीमिली' लागायचं, पहिली ते आठवीसाठी. टीव्हीला ओटीपी लागत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. आणि सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले, जवळजवळ ३०० भिंती. पाढे, व्याकरण, सगळं. चालता चालता वाचा. मला विचाराल तर त्या दोन वर्षांतलं शिक्षणातलं सगळ्यात भारी डिझाइन ते होतं. भिंत रानात घेऊन जाता येत नाही आणि भाऊ ती हिसकावून घेत नाही.

मग आली लस. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगट, आणि अट अशी की आधी ऑनलाइन स्लॉट घ्यायचा. पोर्टल तेव्हा इंग्रजीत. मराठीसह इतर भाषा जूनमध्ये आल्या. स्लॉट उघडले की काही सेकंदांत संपायचे. शहरातल्या पोरांनी पिनकोड टाकून अलर्ट देणारे टेलिग्राम ग्रुप बनवले. हुशारीचं काम होतं, मी पण एक ग्रुप जॉइन केला होता. पण परिणाम असा झाला की राज्यभरातून बातम्या यायला लागल्या: शहरातल्या गाड्या खेड्यातल्या केंद्रावर उभ्या, आणि गावची माणसं बाजूला उभं राहून बघतायत. २४ मे ला सरकारी केंद्रांवर या वयोगटालाही जागेवर नोंदणीची मुभा मिळाली. म्हणजे तीन आठवडे फक्त जलद बोटांचं राज्य होतं.

पंचेचाळीसच्या वरच्यांना थेट जाता यायचं, पण तिथंही पहिला प्रश्न तोच: मोबाइल नंबर सांगा. म्हातारी मागं वळून बघायची. रांगेत ओळखीचा जो पोरगा दिसेल त्याचा नंबर. माझ्या नंबरवर माझे आई-वडील, काकू आणि कोपऱ्यावरचे टेलर मामा असे चौघं झाले. मग माझंच नाव बसेना, मी गेलो मित्राच्या नंबरवर.

खरी गडबड दुसऱ्या डोसला झाली. १३ मे ला कोविशील्डचं अंतर १२ ते १६ आठवडे केलं. तीन महिन्यांत काय होतं? कंपन्या सुरू झाल्या, पोरं पुण्याला परत गेली आणि नंबर त्यांच्याबरोबर गेले. इकडं केंद्रावर मामा उभे, तिकडं पोरगा मशीनवर, फोन लॉकरमध्ये. ओटीपीचा वेळ संपला. पाळी गेली. काहींनी वैतागून दुसराच नंबर दिला, तर सिस्टिमनं त्यांना नवीन माणूस समजून परत 'पहिला डोस' लिहिला. हे इतक्या ठिकाणी झालं की अशी दोन सर्टिफिकेटं एकत्र करायचा पर्याय पोर्टलवर द्यावा लागला. आणि एक लक्षात घ्या, बँका, पोलीस सगळे ओरडून सांगत होते की ओटीपी कुणाला सांगू नका. आमच्याकडं त्या वर्षी ओटीपी सांगणं हीच मदत होती. फोनवर मोठ्यानं, स्पीकर लावून, रांगेतल्या वीस माणसांसमोर.

सर्टिफिकेट नसलं तर काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबादच्या जिल्हाधिकाऱ्यांनी आदेश काढला होता की लसीचा किमान एक डोस झाल्याचं दाखवल्याशिवाय पेट्रोल, रेशन मिळणार नाही. दंडात सुई टोचलीय, पण पुरावा रांजणगावच्या एका फोनमध्ये आहे, अशा माणसानं काय दाखवायचं?

आमच्या धंद्यात एक नंबर म्हणजे एक युजर, हे आम्ही डोळे झाकून धरून चालतो. मी पण तसाच फॉर्म बनवत आलोय. आता टीममध्ये नवीन फॉर्म आला की मी एक जास्तीचा प्रश्न विचारतो: हा नंबर ज्याचं काम आहे त्याचा, का जो भरून देतोय त्याचा? पहिल्या वेळी सगळे माझ्याकडं बघत राहिले. एकीनं मात्र मान हलवली. ती गडचिरोलीची आहे.

आणि हे कोरोनाबरोबर संपलं असं समजू नका. २०२४ ला लाडकी बहीण योजनेचे फॉर्म याच पोरांनी भरले, याच ओसऱ्यांवर बसून. २०२५ च्या सप्टेंबरात त्याचं ई-केवायसी सुरू झालं, परत ओटीपी. काकू पिशवीत आधार कार्ड घालून आल्या, सवयीनं माझ्याशेजारी बसल्या आणि म्हणल्या, "आला का बग." नाही आला. आधारला अजून भाच्याचाच नंबर आहे, आणि भाचा आता हैदराबादला असतो. त्याला फोन लावला तर तो ड्यूटीवर. काकू म्हणल्या, "बसते मी तवर. चहा टाक."