आर्नश्टाटचा ऑर्गनवादक



ऑर्गन म्हटले की आपल्याला संगीत नाटकाच्या साथीचा, पायांनी भाता मारायचा ऑर्गन आठवतो. जर्मनीतल्या चर्चमधला ऑर्गन हे निराळेच प्रकरण. शेकडो नळ्या, हातांसाठी पट्ट्यांच्या एकावर एक रांगा, पायांसाठी आणखी एक रांग, आणि त्या काळी भाते हलवायला वेगळी माणसे. योहान सेबास्टियन बाख हा अशा वाद्यावरचा पगारी नोकर होता, हे आपण विसरतो.

बाखचा जन्म १६८५चा. दहाव्या वर्षापर्यंत आईवडील दोघेही गेले. ओरड्रुफला ऑर्गनवादक असलेल्या थोरल्या भावाने त्याला सांभाळले. भाऊ पाखेलबेलचा शिष्य. शिकवायचा, पण नामवंतांच्या रचनांची एक वही मात्र कपाटात बंद ठेवायचा. पोराने जाळीतून हात घालून ती काढली आणि चांदण्याच्या उजेडात सहा महिने खपून उतरवली. भावाला कळले, त्याने ती नक्कल काढून घेतली. बाखच्या मृत्युलेखातली ही हकिकत. चिजा जपून ठेवणारे बुवा आपल्याला ठाऊक आहेत, तेव्हा नवल नाही.

१७०३ साली, अठराव्या वर्षी, आर्नश्टाटच्या चर्चमध्ये नोकरी लागली. दोन वर्षांनी चार आठवड्यांची रजा काढून हा गडी ल्यूबेकला बुक्स्टेहूडचे वादन ऐकायला निघाला. सुमारे चारशे किलोमीटर, पायी! परतला तो तिप्पट-चौपट काळाने.

फेब्रुवारी १७०६मध्ये चर्चच्या मंडळाने जाब विचारला. आपल्या कलेतले काही समजून घ्यायला गेलो होतो, असे त्याने सांगितले. पण रजेशिवाय दुसरी तक्रारही होती : स्तोत्राच्या चालीत हा अनोळखी स्वर मिसळतो, मंडळी गोंधळतात. आधी फार लांबण लावायचा, टोकल्यावर अगदीच आखूड वाजवू लागला.

आज बाखची बाजू घेणे सोपे आहे. मला मंडळाचे म्हणणे निम्मे तरी पटते. चर्चमधली माणसे श्रोते नसतात, ती स्वतः गात असतात. ऑर्गनने चाल धरून ठेवायची. ती हरवली तर उपासनाच अडते. ल्यूबेकला मिळवलेली विद्या रविवारच्या कामाला फारशी उपयोगी नव्हती, आणि बाखला तर तीच हवी होती.

मंडळाने त्याला काढले नाही. १७०७ साली तो स्वतःच म्युलहाउझेनला गेला. आर्नश्टाटची जागा त्याच्या एका चुलतभावाला मिळाली, कमी पगारावर.