चार वापिटी आणि एकोणीस हवाई सिपाही



भिलाईच्या हुडकोत राहणाऱ्यांना फिटर, पाळी, मेंटेनन्स हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. म्हणून आपल्या विमानदलाची आजची गोष्ट मी वैमानिकांपेक्षा मेकॅनिकांच्या बाजूने सांगणार आहे.

पण आधी तुलनेसाठी जर्मनीकडे पाहू. १ मे १९३९ रोजी जर्मनीने आपल्या लढाऊ विमानदलांना नवे क्रमांक दिले. बर्लिनजवळ ड्योबेरित्झला उभे राहिलेले ‘रिश्टहोफेन’ दल ‘जेजी २’ झाले. पूर्ण भरलेल्या अशा एका दलात शंभरेक विमाने धरलेली असत. व्हर्सायच्या तहाची बंदी झुगारून काही वर्षांत उभारलेला हा पसारा!

तेव्हा आपल्याकडे होती एकच स्क्वाड्रन, क्रमांक १. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड तळावर तिची ‘ए’ फ्लाइट, म्हणजे पहिली तुकडी, सुरू झाली. चार वापिटी विमाने, इंग्लंडात शिकून आलेले मोजके भारतीय अधिकारी आणि विमानांची देखभाल करणारे १९ हवाई सिपाही. ‘बी’ फ्लाइट १९३६ साली आली, ‘सी’ १९३८ च्या जूनमध्ये. एक स्क्वाड्रन पुरी व्हायला पाच वर्षे लागली! इंग्रज सरकारला घाई नव्हती, हे उघडच आहे. पण त्या संथ वर्षांतच आपली माणसे वापिटीची इंजिने खोलून जोडायला शिकली आणि पुढे तेच कामी आले.

त्या हवाई सिपाह्यांत हरजिंदर सिंग होते. लाहोरच्या मॅक्लॅगन कॉलेजात इंजिनिअरिंग शिकलेला हा तरुण साधा सिपाही म्हणून भरती झाला. मला या गोष्टीतला खरा नायक तोच वाटतो.

१९४१ च्या नोव्हेंबरात मुंबईकरांच्या युद्धनिधीतून स्क्वाड्रनला १२ लायसँडर विमाने मिळाली. ती मुख्यतः टेहळणीची. १९४२ च्या फेब्रुवारीत स्क्वाड्रन ब्रह्मदेशात टौंगूला उतरली आणि जपान्यांनी लगेच तळावर बॉम्ब टाकले. हरजिंदर आणि त्यांच्या माणसांनी लायसँडरला अडीचशे पौंडी बॉम्ब बसवले. चाकांच्या पायांना दोन्हीकडे आखूड पंख असतात, त्यांच्याखाली एकेक. दुसऱ्याच दिवशी स्क्वाड्रन लीडर करुण कृष्ण मजुमदार ते घेऊन सयाममधल्या जपानी तळावर गेले. टेहळणीच्या विमानाचे बॉम्बफेकी विमान झाले, तेही परमुलखात, हाताशी होते तेवढ्या सामानावर.

त्याच वर्षी हरिकेन विमाने मिळाली आणि ही स्क्वाड्रन लढाऊ झाली. फाळणीनंतर ती मिटली. १९५३ साली १५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला ‘१’ हा आकडा देऊन ती पुन्हा उभी केली. आज ती ग्वाल्हेरला मिराज उडवते.

आणि हरजिंदर? ते एअर व्हाइस मार्शल झाले, मेंटेनन्स कमांडचे प्रमुख झाले. त्यांच्या वेळी ती कमांड कानपूरला होती. आता तिचे मुख्यालय आपल्या शेजारी, नागपूरला आहे.