दीडशेवरून साडेतीनशेवर
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



दर महिन्याच्या सभेत कोणीतरी एकीने आपल्या अनुभवातले चार शब्द बोलावयाचे, असा आपल्या मंडळाचा नियम आहे. आजवर मी त्यातून निसटत आले. माझी शाळा सातवीतच सुटली आणि भाषण म्हटले की पोटात गोळा उठतो. पण ह्या खेपेस चिटणीसबाईंनी मला पेचात धरले. "तुमच्या दारात बुलेट उभी आहे. तुम्ही ती येऊ कशी दिलीत, तेवढेच सांगा," म्हणाल्या. तेव्हा तेवढेच सांगते.

तसे पाहिले तर ती बुलेट नव्हे. कंपनी तीच, रॉयल एनफिल्ड. पण गाडीचे नाव क्लासिक. आपल्या वाईत मात्र त्या घराण्यातली कोणतीही गाडी आली की ती बुलेटच. ह्यांच्या काकांकडे जुन्या काळची खरी बुलेट होती. तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असे. काका किक मारीत तेव्हा आम्हां नव्या सुनांना ओसरीवरून आत पिटाळले जाई, कारण किक उलटली की काकांच्या तोंडून काय बाहेर पडेल याचा नेम नसे. तेव्हापासून ह्यांच्या मनात ती गाडी बसलेली.

आमच्याकडे २०१२ सालची पल्सर आहे, दीडशे सी.सी.ची. तिने आम्हांला कधी दगा दिला नाही. मुलांच्या शाळा, सासूबाईंचा दवाखाना, गव्हाचे पोते, सगळे तिने वाहिले. हे शिरवळला कारखान्यात फिटर आहेत. पाळ्या बदलत्या असल्यामुळे एसटीचा मेळ बसत नाही. जाऊन-येऊन सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर होतात आणि त्यातला बराचसा रस्ता हमरस्ता, ट्रकांच्या गर्दीचा.

मोठ्या गाडीचे बोलणे निघाले की मी उडवून लावीत असे. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हे काय खूळ, असे मला वाटे. पण २०२४ च्या पावसाळ्यात आम्ही दोघे पुण्याहून माझ्या बहिणीकडून परत येत होतो. खंबाटकीच्या चढावर पुढे उसाचा रिकामा ट्रक रांगत होता आणि मागून एक कंटेनर भोंगा वाजवीत अंगावर येत होता. ह्यांनी गिअर खाली घेतला, मूठ पिळली, गाडी नुसती ओरडली. वेग काही वाढेना. त्या दोघांच्या मधे आम्ही सापडलो होतो. कंटेनरच्या चाकांचे पाणी माझ्या पदरावर उडत होते. घरी आल्यावर मी देवापुढे दिवा लावला आणि त्या रात्री पहिल्यांदा ह्यांना म्हणाले, "मोठ्या गाडीत नेमके काय मोठे असते, ते मला समजेल असे सांगा."

ह्यांनी सांगितले ते मला पटले, म्हणून तुम्हांलाही सांगते. सी.सी. म्हणजे इंजिनात दट्ट्या ज्या नळकांड्यात वरखाली होतो, तिथली जागा. आमच्या जुन्या गाडीत ती दीडशेच्या किंचित आत, नव्या गाडीत ३४९. म्हणजे दुपटीहून जास्त. मग जोरही दुपटीहून जास्त असेल असे मला वाटले. पण तसे नाही. जुनीची अश्वशक्ती चौदा-पंधरा, नवीची वीस. दुप्पट होते ती ओढ. आणि ती ओढ जुन्या गाडीत इंजिन मिनिटाला साडेसहा हजार फेऱ्या फिरू लागले तेव्हा पुरी मिळते, नव्या गाडीत चार हजारांवरच. मी म्हटले, म्हणजे जात्यासारखे. लहान जाते गरगरा फिरवावे लागते, मोठे संथ फिरते पण दाणा सोडीत नाही. हे हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

आता पैशांचे. माझी भिशी लागली होती आणि ते पैसे स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी ठेवले होते. ओट्याची कडप्पा फरशी मधोमध तडकली आहे, तुमच्यापैकी पुष्कळजणींनी ती पाहिली आहे. त्या पैशांना हात लावताना मला रडू आले, हे लपवीत नाही. जुनी गाडी पुरवून वापरू, असेही मन म्हणे. पण तो कंटेनर डोळ्यांपुढून हलेना. २०२५ च्या सप्टेंबरात करही उतरला. साडेतीनशे सी.सी.पर्यंतच्या गाड्यांवर पूर्वी शेकडा २८ जीएसटी होता, तो २२ सप्टेंबरपासून १८ झाला. मग मात्र मला सबब उरली नाही. दसरा २ ऑक्टोबरला होता. त्याआधीच्या रविवारी आम्ही साताऱ्याला दुकानात गेलो.

तिथे एक गंमत झाली. विक्रीच्या मुलाने ह्यांच्या डोळ्यांतली हौस ओळखली आणि त्यांना हळूच साडेसहाशेच्या गाडीकडे नेले. ६४८ सी.सी., दोन सिलिंडर, ४७ अश्वशक्ती. "वहिनी, घेतलीच आहे तर एकदाच घ्या, हप्त्यात थोडाच फरक पडेल," असे तो मला समजावू लागला. हे तर तिच्यावर बसूनही झाले होते! मी पिशवीतून वही काढली. म्हटले, बाळ, साडेतीनशेच्या वरच्या गाडीला कर उतरलेला नाही, चढला आहे. शेकडा ४० झाला आहे. आणि विमा? नवी गाडी घेताना दुसऱ्याच्या नुकसानीचा पाच वर्षांचा विमा एकदम उतरवावा लागतो. २०२२ साली ठरलेल्या दरांनी तो दीडशेपर्यंतच्या गाडीला ३,८५१ रुपये, तिथून साडेतीनशेपर्यंत ७,३६५ आणि त्याच्यावर गेले की १५,११७. हे आकडे माझ्या मुलीने मला मोबाईलवर काढून दिले होते. मुलगा गप्प झाला. हेही गप्प झाले, पण ते खट्टू होऊन. मला त्यांची दया आली, तरी मी ढळले नाही. चौदावरून विसावर जाणे ही एक पायरी आहे. चौदावरून सत्तेचाळिसावर जाणे म्हणजे जिनाच एका उडीत चढणे. त्या गाडीत वाईट काही नाही. पण रात्रपाळी करून झोपाळू डोळ्यांनी घरी येणाऱ्या माणसाच्या मुठीत एवढा जोर देण्याची माझी तयारी नव्हती.

इथे एक गोष्ट मला चमत्कारिक वाटली. माझा भाचा जर्मनीत असतो. तिकडे मोटारसायकलचे परवाने पायरीपायरीचे असतात: १२५ सी.सी.पर्यंतचा एक, मधल्या जोराच्या गाड्यांचा दुसरा आणि सर्वांत मोठ्यांचा तिसरा. आपल्याकडे गिअरच्या गाडीचा परवाना एकदा मिळाला की शंभर सी.सी.ची चालवा नाहीतर साडेसहाशेची, कोणी विचारत नाही. तेव्हा परीक्षा घ्यायची ती घरच्यांनीच.

आणि मी ती घेतली, पण एक धडा बसल्यावर.

दसऱ्याला गाडी घरी आली. तोरण बांधले, ओवाळले, चाकाखाली लिंबू ठेवले. संध्याकाळी ढोल्या गणपतीला जाऊन यावे म्हणून मी काठाचे लुगडे नेसून मागे बसले, नेहमीसारखी दोन्ही पाय डावीकडे सोडून. परतताना घाटाकडच्या गल्लीत उतारावर समोरून म्हैस आली. गाडी जवळजवळ थांबलेलीच होती. ह्यांनी वळते हँडल असताना पुढचा ब्रेक दाबला, पाय टेकला तो खडीवर घसरला, आणि नवीकोरी गाडी आम्हांला घेऊन सावकाश डावीकडे आडवी झाली. वेग म्हणाल तर माणसाच्या चालण्याएवढासुद्धा नव्हता! मी घसरून रस्त्यात बसले. ह्यांचा पाय लेगगार्डच्या लोखंडामुळे वाचला. दोन मुलांनी धावत येऊन गाडी उचलली. म्हैस शांतपणे पाहत उभी होती.

जुनी गाडी दीडशे किलोच्या आसपास, ही १९५. जुनी कलली तर पायाने सावरता येई. ही एकदा ठराविक मर्यादेपलीकडे कलली की सावरता येत नाही. सगळे जण मोठ्या गाडीच्या वेगाला भितात. मीही भीत होते. पण आम्हांला तिने पाडले ते उभ्या उभ्या.

त्या रात्री ह्यांचा चेहरा फार उतरला होता. पुरुषमाणसाला असे भर गल्लीत पडणे जिव्हारी लागते. मी एकही शब्द टोचून बोलले नाही, ह्याचे श्रेय मला द्यावे. सकाळी मात्र अटी घातल्या. पंधरा दिवस शिरवळला जुनीच गाडी न्यायची. रोज पहाटे तासभर मैदानावर नवीचा सराव. ह्यांनी कुरकुर केली, "मी तीस वर्षे गाडी चालवतोय." मी म्हटले, तीस वर्षे ही चालवली नव्हती.

मग आमची पहाटेची शाळा सुरू झाली. चार विटा मांडून त्यांच्यामधून आठाच्या आकड्यासारखे फिरायचे, अगदी हळू, पाय न टेकता. हळू जाताना पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, मागचाच हलका दाबायचा. मग सरळ रेषेत वेग घेऊन दोन्ही ब्रेक एकदम दाबून थांबायचे. ह्या गाडीला दोन्ही चाकांना ए.बी.एस. आहे, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक जखडून घसरत नाही. एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.वरच्या प्रत्येक नव्या गाडीला ए.बी.एस. सक्तीचे आहे, आमच्या जुनीला ते नव्हते. पहिल्यांदा ब्रेकच्या दांडीला थरथर आली तेव्हा काही मोडले की काय म्हणून ह्यांनी हात सोडला. ती थरथर म्हणजेच ए.बी.एस.चे काम, हात सोडायचा नसतो, हे तिथेच समजले. हमरस्त्यावर ट्रकच्या मागे समजण्यापेक्षा ते बरे झाले.

चौथ्या दिवशी मी विचारले, ही मधल्या स्टँडवर लावायची कशी? हे म्हणाले, तुला झेपणार नाही. मी चपला काढल्या, स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला लागल्याची खात्री केली, आणि हाताने न ओढता सगळे अंग एका पायावर टाकले. गाडी आपोआप मागे सरून वर बसली. चौपन्न किलोच्या बाईने १९५ किलोची गाडी उभी केली! मैदानात फिरायला आलेल्या आजोबांनी टाळ्या वाजविल्या.

दुसरा बदल माझा. मी पाय एकीकडे सोडून बसले की सगळा तोल एका अंगाला जातो, आणि घाटात वळणावर ते ह्यांना जड जाते. तेव्हा ह्या वयात मी पहिल्यांदा सलवार-कमीज शिवली आणि दोन्हीकडे पाय टाकून बसू लागले. पहिल्या दिवशी आळीतल्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. त्यांतल्या तीन खिडक्या आज समोरच्या रांगेत बसल्या आहेत. हेल्मेट मलाही घेतले. मागे बसणाराला ते कायद्याने लागतेच, पण आपण बायका अंबाडा बिघडतो म्हणून टाळतो. अंबाडा थोडा खाली बांधावा, बसते व्यवस्थित.

खर्च वाढला हे खरे. जुनी गाडी लिटरला अठ्ठेचाळीस देई, ही पस्तीस. माझ्या वहीप्रमाणे महिन्याला चौदा-पंधरा लिटर पेट्रोल जास्त लागते, म्हणजे दीडएक हजार रुपये. ते मी किराण्यातून काढलेले नाहीत. ह्यांनी तंबाखू आणि बाहेरचा चहा सोडला, निम्मे तिथून निघाले. उरलेल्या निम्म्याची ओढाताण चालूच आहे.

पण पाळीवरून यायला उशीर झाला की पूर्वी मी दर पाच मिनिटांनी दारात जात असे, ते आता पंधरा मिनिटांनी जाते. दूरवरून तिचा संथ ठोका ऐकू येतो आणि मी तव्याखालचा गॅस मोठा करते.

जुनी पल्सर विकली नाही. मुलगी बारावी झाली की तिच्यावर शिकायचे म्हणते. तिचे वय अठरा होईपर्यंत किल्ली माझ्या डब्यात.

ओटा राहिलाच आहे. गेल्या रविवारी पसरणीचा घाट चढताना मी ह्यांना मागून सांगितले, की पुढची भिशी माझी लागली तर त्या पैशांकडे कोणी डोळा वर करून पाहायचे नाही. गाडी वर चालली होती तशीच चालली होती, तिसऱ्या गिअरमध्ये. ह्यांनी मान हलविली. पण डोक्यावर हेल्मेट होते, त्यामुळे ऐकू आले म्हणून हलविली की वळण आले म्हणून, ते काही मला कळले नाही.