शेवटच्या नळाचं पाणी

अंजनवेलची आपली कितीतरी मुलं आज पुण्या-मुंबईत भाड्याच्या खोल्यांत राहतात, म्हणून हा विषय.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची साथ आली. दोनशेहून अधिक संशयित रुग्ण आढळले. या आजारात हातापायांतली ताकद जाते. काहींना व्हेंटिलेटर लागला. नांदेड, किरकटवाडी ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली, तरी तिथे विहिरीचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाताच घरोघरी पोहोचत होतं.

टाकीत क्लोरीन टाकलं की काम संपत नाही. पुरवठा बंद असताना पाइपातला दाब उतरतो आणि गळक्या सांध्यांतून गटाराचं पाणी आत शिरतं. सॉफ्टवेअर आम्ही वापरणाऱ्याच्या बाजूनेही तपासतो. पाणीही तसंच तपासायला हवं.

वुजूचं पाणी पाक आहे ना, हे आपण बघतो. मग दर जुम्याला मोहल्ल्यातल्या शेवटच्या नळाचं पाणी घेऊन ओटी टेस्ट करा. थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. तो नमुना पिऊ नका, फेका. रंग आला नाही तर पाणी उकळा, वहीत तारीख लिहा आणि वॉर्ड ऑफिसात लेखी तक्रार द्या. पोच घेतल्याशिवाय परतू नका.