उपग्रहाचे चित्र आणि आपले गाव
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मी कलाशाखेचा पदवीधर आणि केंद्र सरकारच्या कार्यालयात फायलींवर शेरे मारण्यात हयात घालविलेला माणूस. तेव्हा विज्ञानावर अधिकारवाणीने बोलावे, हा माझा हेतू नाही. परंतु उपग्रहाने दिलेले वादळाचे चित्र माणसाचा जीव केव्हा वाचविते आणि केव्हा वाचवीत नाही, हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा नाही. ज्यांचे आईवडील, काका-काकू अजून किनाऱ्यावरील गावात राहतात, अशा आपणा सर्वांचा तो आहे.

या विषयाला पीण्याइतकी योग्य जागा दुसरी नाही. आपण लेथ, साचे आणि सुट्या भागांच्या धंद्यामुळे ही वसाहत ओळखतो. पण येथीलच साध्या औद्योगिक शेडमध्ये प्रा. उडुपी रामचंद्र राव यांच्या नेतृत्वाखाली ‘आर्यभट’ हा भारताचा पहिला उपग्रह तयार झाला आणि १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत अग्निबाणाने तो अवकाशात नेला. तो हवामानाचा उपग्रह नव्हता. परंतु १९७९ साली गेलेल्या ‘भास्कर’ उपग्रहावर सागर आणि वातावरणातील बाष्प यांचा अभ्यास करणारे उपकरण होते. आजही पृथ्वीजवळून फिरणाऱ्या आपल्या उपग्रहांचा मागोवा घेणाऱ्या ‘इस्ट्रॅक’ या संस्थेचे केंद्र पीण्यातच आहे.

अमेरिकेत ज्याला हरिकेन आणि जपानकडे टायफून म्हणतात, तेच आपले चक्रीवादळ. इंग्रजीतील ‘सायक्लोन’ हा शब्द तर एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यातच हेन्री पिडिंग्टन यांनी घडविला. पूर्वी अशा वादळाची वर्दी त्यात सापडलेल्या जहाजाकडूनच मिळे. आणि पुष्कळदा ते जहाज वर्दी देण्यास उरत नसे. १ एप्रिल १९६० रोजी ‘टायरॉस’ हा पहिला हवामान उपग्रह गेला आणि भर समुद्रातील वादळ माणसाला वरून दिसू लागले.

आज दोन प्रकारचे उपग्रह हे काम करतात. इन्सॅट मालिकेतील उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या गतीनेच फिरत असल्यामुळे, आपल्या डोक्यावर जणू स्थिर असतात आणि थोड्याथोड्या वेळाने चित्र पाठवितात. त्यांचे नियंत्रण आपल्याच राज्यातील हासन येथून होते. दिवसा ते सूर्यप्रकाशात ढग पाहतात; रात्री अवरक्त किरणांच्या साहाय्याने ढगांच्या माथ्याचे तापमान मोजतात. माथा जितका थंड, तितका ढग उंच. ढगांची सर्पिल वळणे किती घट्ट आहेत, मध्यभागी ‘डोळा’ उमटला आहे काय, यावरून वादळाचे बळ ठरविण्याची पद्धत व्हर्नन ड्व्होराक या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात बसविली. आपल्याकडेही ती वापरली जाते. दुसरे उपग्रह ओशनसॅटसारखे, कमी उंचीवरून फिरणारे. ते समुद्राकडे सूक्ष्मलहरी सोडतात आणि लाटांवरून परतलेल्या लहरींवरून वाऱ्याचा वेग व दिशा सांगतात.

मात्र सर्व आपत्ती वरून सारख्याच दिसत नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेले. अशा वेळी आकाश ढगांनी भरलेले असते आणि साधा कॅमेरा निरुपयोगी ठरतो. ढगांतून आरपार पाहणाऱ्या रडार उपग्रहांनाच पुराचा पसारा टिपता येतो. उलट ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले, ते अमुक घटकेला कोसळेल हे कोणताही उपग्रह सांगू शकत नव्हता. चक्रीवादळ त्या मानाने उदार शत्रू म्हणावा; तो दोन-चार दिवस आधी दिसतो.

आणि दिसूनही माणसे मेली, हे या विषयाचे खरे दुःख आहे. नोव्हेंबर १९७० मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर आलेले वादळ उपग्रहांनी टिपले होते. तरीही काही लाख लोक बुडाले. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओरिसावर महाचक्रीवादळ आले, तेव्हा आपले इन्सॅट उपग्रह आकाशात होते, सूचनाही निघाल्या होत्या. पण भक्कम निवारे मोजकेच होते आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतर त्या राज्याने किनाऱ्यावर निवारे बांधले, गावोगावी स्वयंसेवक तयार केले. मे २०१९ मध्ये ‘फनी’ आले तेव्हा दहा लाखांहून अधिक लोक आधीच हलविण्यात आले आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. चित्रे सुधारली होती, हे खरे. पण त्याहून अधिक सुधारला होता तो चित्रापासून दारापर्यंतचा रस्ता.

आता आपल्या घरचे पाहू. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर आले. हे नाव बांगलादेशाने सुचविलेले. पण आपल्याला ते घरचेच वाटावे! पूर्वसूचना मिळाल्यामुळे हजारो लोक सुरक्षित जागी गेले. श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा मात्र आडव्या झाल्या. वाडवडिलांनी लावलेली झाडे हलविता येत नाहीत, हे उपग्रहाला कोण सांगणार? वीज गेली, फोन बंद पडले, आणि दूर राहणारी मुले कित्येक दिवस गावची खबर मिळविण्यासाठी तळमळत राहिली. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ वादळाची सूचना आधी मिळूनही मुंबईजवळच्या समुद्रात एक बार्ज बुडून अनेक कामगार प्राणास मुकले.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. आपण येथून वादळ थोपवू शकत नाही. पण चित्र आपल्यालाही गावाइतकेच लवकर दिसते. आपल्यापैकी कोणाची माणसे किनाऱ्यावर आहेत, त्यांची यादी मंडळाने ठेवावी. सूचना येताच, फोन चालू आहे तोवर, घरी बोलावे. आणि नुसते ‘जपून राहा’ म्हणून थांबू नये. निवारा कोणत्या शाळेत आहे, आजीला तेथे कोण नेणार, औषधे आणि कागदपत्रे कोणत्या पिशवीत आहेत, गोठ्यातली गुरे कोण सोडणार, हे विचारावे. म्हातारी माणसे घर सोडावयास सहसा राजी नसतात. सरकारी कर्णा त्यांना जे पटवू शकत नाही, ते मुलाचा किंवा नातीचा आवाज पटवू शकतो.

आर्यभटापासून आजवर या वसाहतीच्या हातांनी आणि या शहराच्या बुद्धीने जे मिळविले, ते म्हणजे दोन दिवसांचा अवधी. तो वाया घालवावयाचा की वापरावयाचा, हे आपल्या हाती आहे.