स्पॅनिश भाषेंतील ‘चालेल’

परकी भाषा शिकूं लागलें म्हणजे पहिल्या आठवड्यांत मागणें शिकवितात : मला कॉफी द्या, मला खोली हवी. परंतु मागितलेली वस्तु नसली आणि समोरच्यानें दुसरीच पुढें केली, तर काय बोलावें? नित्याच्या व्यवहारांत हा प्रसंग वारंवार येतो. आणि देणाऱ्याचें मन राखलें जातें कीं दुखावतें, हें त्या क्षणींच्या दोन शब्दांवर अवलंबून असतें. स्पॅनिश ही सुमारें २० देशांची राजभाषा असल्यामुळें तेथें हे दोन शब्द देशोदेशीं बदलतात, ही आणखी एक गंमत.

सर्वांत निर्धोक वचन ‘एस्ता ब्येन’, म्हणजे ‘ठीक आहे’. माद्रिदपासून चिलीपर्यंत तें कोठेंही शोभतें. उपाहारगृहांत कॉफी संपली असल्यास ‘सि नो आय काफे, उन ते एस्ता ब्येन’, कॉफी नसेल तर चहा चालेल, असें म्हणावें. कचेरींतील बोलणें असेल तर ‘दे आक्वेर्दो’, म्हणजे ‘मान्य आहे’.

आपल्या ‘चालेल’ला खरा जवळचा शब्द मात्र ‘बाले’. स्पेनमध्यें तो उठतांबसतां कानीं पडतो. लिहितात ‘व’नें, उच्चारतात ‘ब’सारखा, बंगाली शेजारी असलेल्यांना याचें नवल वाटूं नये. ‘मोल असणें’ या अर्थाच्या धातूपासून तो आला आहे. आपल्याकडे गोष्ट चालते, त्यांच्याकडे ती मोलाला उतरते, इतकाच काय तो फरक! अर्जेंटिनांत याच जागीं ‘दाले’ म्हणतात.

मेक्सिकोंत मात्र जपावें. ‘मे बाले’ या शब्दांचा स्पेनमध्यें अर्थ ‘मला हें चालण्यासारखें आहे’. मेक्सिकोंत तेच शब्द ‘मला त्याची काडीची पर्वा नाहीं’ असें सांगतात. यजमानीणबाई कॉफीऐवजीं मोठ्या अगत्यानें सरबत पुढें करीत आहेत, आणि पाहुणा माद्रिदच्या पुस्तकांतून शिकलेलें हें वाक्य हंसतमुखानें म्हणतो, असें चित्र डोळ्यांपुढें आणा. त्यापेक्षां ‘ताम्ब्येन मे सिर्वे’, हेंही माझ्या उपयोगाचें आहे, हें वाक्य बरें.

‘मे दा इग्वाल’, म्हणजे मला दोन्ही सारखेंच, हें वचन शब्दार्थानें निरुपद्रवी. पण कोरड्या स्वरांत उच्चारलें तर आपल्याकडील ‘मला काय, कांहींही चालेल’ यासारखें लागतें. कोणीं आपुलकीनें विचारलें असतां ‘मे पारेसे ब्येन’, मला हें पसंत आहे, असें म्हणण्यांत अधिक गोडवा आहे, असें माझें मत आहे.

मनाविरुद्ध स्वीकार करावा लागला तर स्पॅनिश माणूस ‘के रेमेद्यो!’ म्हणून सुस्कारा टाकतो. ‘रेमेद्यो’ म्हणजे औषध, उपाय. आपणही ‘काय इलाज!’ म्हणतोंच, औषधाचा शब्द हताशपणासाठीं वापरण्याची युक्ति दोन्ही भाषांना सुचावी, हें मोठें मौजेचें आहे. मेक्सिकोंत याच भावनेला ‘नि मोदो’ म्हणतात. हे उद्गार मित्रमंडळींत काढावे. ज्यानें वस्तु दिली त्याच्यासमोर काढूं नयेत.

दुधाची तहान ताकावर भागविण्याच्या आपल्या म्हणीलाही तेथें जोड आहे : ‘आ फाल्ता दे पान, ब्वेनास सोन तोर्तास’, पाव नसेल तर तोर्ताही गोड. यांतील ‘पान’ आणि पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आलेला ‘पाव’ हे एकाच लॅटिन शब्दाचे वंशज. मेक्सिकोंत याच म्हणींत तोर्ताच्या जागीं ‘तोर्तिया’ आली आहे. ती मक्याची, आपल्या भाकरीची धाकटी बहीण शोभेल अशी. पण स्पेनमध्यें तोर्तिया मागाल तर अंड्याचा जाड पोळा समोर येईल. शाकाहारी श्रोत्यांनीं तेथें ‘एस्ता ब्येन’ न म्हणतां ‘नो, ग्रास्यास’ म्हणावें. म्हणजे ‘नको, आभारी आहें’.