रक्तदाबाची गोळी आणि तिची मात्रा

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मुळगाव येथे दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून संस्थेचा गौरव करणे हे वक्त्याचे पहिले कर्तव्य. पण माझ्याआधीच्या दोघांनी ते इतके यथास्थित पार पाडले आहे की मी त्यात भर घालीत नाही. विश्वस्तांनी मला सांगितले, ‘डॉक्टर, आरोग्यावर काहीतरी बोला.’ काहीतरी बोलण्यापेक्षा एकाच गोष्टीवर बोलतो. रक्तदाबाची गोळी सोसवत नाही म्हणून ती आपल्या मनाने सोडणे आणि दाब उतरत नाही म्हणून आपल्या मनाने वाढवणे, हे दोन्ही प्रकार आपल्या भागात सर्रास चालतात. यात डॉक्टर निर्दोष असतात असेही नाही. प्रथम माझाच दोष सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी एक वृद्ध गृहस्थ माझ्याकडे येत. उमेदीची वर्षे खाणीवर घालवलेली, स्वभाव अबोल. दाब दर खेपेस वरचा १८० च्या आसपास. मी विचारी, ‘गोळी नियमित घेता ना?’ ते म्हणत, ‘घेतां, दोतोर, घेतां.’ मी मात्रा वाढवली, पुढच्या खेपेस दुसरी गोळी जोडली, मग तीही वाढवली. पुढे ते मुलाकडे मुंबईस गेले. सून मोठी दक्ष. तिने माझ्या चिठ्ठीबरहुकूम सकाळ-संध्याकाळ गोळ्या हातात ठेवल्या. आठवडा झाला नाही तोच म्हातारे पहाटे लघवीस उठले, भोवळ येऊन पडले आणि खुब्याचे हाड मोडले. गावी परत आल्यावर मी भेटीस गेलो, तेव्हा खरे कळले. ‘तकली दुखली काय घेतां,’ असे ते सहज म्हणाले. म्हणजे महिन्याला चार-पाच गोळ्या! जी मात्रा मी अपुरी समजत होतो, ती त्यांच्या पोटात कधी गेलीच नव्हती. ते पुढे काठीवाचून चालले नाहीत. तेव्हापासून ‘घेता ना?’ असे मी कोणास विचारीत नाही. ‘गेल्या आठवड्यात किती चुकल्या?’ असे विचारतो आणि लोक खरे सांगतात.

माणूस गोळी चुकवतो याचे कारण उघड आहे. वाढलेला दाब बहुधा दुखत नाही, त्रास जाणवतो तो गोळीचा. अम्लोडिपिन घ्या. फार चांगले औषध, स्वस्त, लाखो लोकांचे मेंदू आणि हृदय सांभाळणारे. पण त्याने काहींचे पाय घोट्याशी सुजतात, विशेषतः संध्याकाळी आणि स्त्रियांचे अधिक. घरात लगेच ‘मूत्रपिंड गेले’ म्हणून रडारड सुरू होते. सूज नवी असेल तर डॉक्टरला दाखवून इतर कारणे वगळलीच पाहिजेत. पण ती औषधाचीच ठरली, तर पाच मिलिग्रॅमवर जी जाणवत नाही ती दहावर जाणवते, हे लक्षात ठेवा. मात्रा दुप्पट केली की गुण दुप्पट होतो, ही समजूत चुकीची आहे. गुण थोडाच वाढतो, उपद्रव मात्र पुष्कळ वाढतो. म्हणून पुष्कळदा अम्लोडिपिन पाचवर आणून जोडीला टेल्मिसार्टनसारखे दुसरे औषध दिले, की सूजही उतरते आणि दाबही.

एनालॅप्रिल, रॅमिप्रिल या जातीच्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. खोकल्याच्या बाटल्यांमागून बाटल्या रिचवणारे रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांच्या उशाशी खोकल्याचे मूळ रोज सकाळी उघडले जात होते! गोळी बदलली की काही आठवड्यांत हा खोकला जातो. मात्र याच गोळ्यांनी ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, तर उद्याची वाट पाहू नका, तडक इस्पितळ गाठा. अ‍ॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल घेणाऱ्यांनी ती एका दिवसात कधीही बंद करू नये. नाडी उसळते, छातीत कळ येऊ शकते. ती उतरवायची झाली तर पायरीपायरीने, डॉक्टरच्या सल्ल्याने. आणि गरोदरपण असेल किंवा व्हायचे असेल, तर ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ या शेवटाच्या गोळ्यांविषयी आधीच बोला. त्या पोटातल्या मुलास घातक आहेत.

मात्रेचे महत्त्व पटवायला आपल्याच देशातील एक हकीकत सांगतो. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यांस शतकानुशतके ठाऊक होती. बिहारकडे ती वेड्यांचे औषध म्हणून चाले. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिने रक्तदाब उतरतो असे नोंदवले. पुढे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांवर पद्धतशीर निरीक्षणे करून १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निबंध लिहिला, तेव्हा जगाचे तिकडे लक्ष गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढले गेले आणि १९५७ साली वकिलांस अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. इथवर अभिमानाची गोष्ट. पण शुद्ध औषध हाती येताच त्याच्या मोठ्या मात्रा दिल्या जाऊ लागल्या, आणि माणसे खिन्न होऊ लागली. १९५४ साली एडवर्ड फ्राइस या अमेरिकन डॉक्टरने मोठ्या मात्रेच्या दीर्घ उपचारातील हे औदासीन्य जाहीरपणे मांडले. गंमत पुढेच आहे. याच फ्राइसने रिसर्पिन टाकून दिले नाही. अल्प मात्रेत, लघवी वाढवणाऱ्या गोळीच्या आणि आणखी एका औषधाच्या जोडीने त्याने ते तीव्र रक्तदाबाच्या रुग्णांच्या चाचणीत वापरले. १९६७ साली निकाल प्रसिद्ध झाला. एकंदर १४३ पुरुष होते. खोट्या गोळ्या घेणाऱ्या गटात गंभीर घटना २७ घडल्या, औषध घेणाऱ्यांत अवघ्या २. रक्तदाबावर उपचार केल्याने माणूस वाचतो, हे असे सिद्ध झाले. ज्या औषधाने माणसे खचली, त्यानेच अल्प मात्रेत इतरांच्या जोडीने हे काम केले.

यास्तव सर्पगंधेच्या पुड्या आणि आधुनिक गोळ्या एकमेकींस न सांगता घेणाऱ्यांनी सावध असावे. पुडीत नेमके किती आहे हे कोणी सांगत नाही.

आता आपल्या गावचे दोन प्रश्न. वैशाखात शिरगावच्या लईराईच्या जत्रेआधी आपल्यातले धोंड व्रत पाळतात. उन्हाचा कडाका, अन्न मोजके, घाम भरपूर. अशा दिवसांत लघवीची गोळी आणि दाबाची पूर्ण मात्रा काहींना जड जाते, उभे राहताच अंधारी येते. म्हणून व्रत धरायच्या आधी आठवडाभर डॉक्टरकडे जा आणि त्या दिवसांची मात्रा ठरवून घ्या. ‘व्रतात औषध नको’ म्हणून सगळेच टाकू नका. जुलाब-वांती झाली असेल तरी हेच. कोणती गोळी दोन दिवस थांबवायची ते विचारून घ्या.

दुसरा प्रश्न गुडघ्यांचा. फार्मसीतून चिठ्ठीवाचून घेतलेल्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या दाब वाढवतात आणि मूत्रपिंडास बाधतात, ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ आणि लघवीची गोळी यांच्या जोडीला तर फारच. दाब उतरत नाही म्हणून मात्रा वाढवण्यापूर्वी मी आता गुडघ्यांची चौकशी करतो. नंतर सुक्या बांगड्याची आणि मिठातल्या तोरांची करतो. त्यावर मात्र बायकाच माझ्यावर रागावतात.

दाब मोजताना पाच मिनिटे स्वस्थ बसा, अर्धा तास आधी चहा-विडी नको, लघवी करून या, हात छातीच्या पातळीवर ठेवा. वयस्करांचा दाब उभे राहूनही मोजून घ्या. माझ्या त्या म्हाताऱ्यांचा मी एकदाही उभ्याने मोजला नव्हता. आकडे तारखेसह वहीत लिहा, आणि ‘पाय सुजले’, ‘खोकला’, ‘चुकली’ हेही शेजारी लिहा.

विश्वस्तांनी यंत्राची सोय केली आहे. सभा संपल्यावर मी बाजूच्या खोलीत बसेन. ज्यांच्या घरी गोळ्यांची पिशवी आहे त्यांनी ती जशीच्या तशी घेऊन यावी, अर्धी पाकिटे आणि गुडघ्याच्या गोळ्यांसकट. काही लपवू नये. मी रागावत नाही.